मराठी छंदोविचारातील लघु-गुरू आणि लेखननियम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : अक्षराचे वजन ही संकल्पना आधुनिक ध्वनिविचाराने पुढे आणली असली, तरी आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून ती लघु-गुरू या नावांनी परिचित आहे. मराठीत तिचे स्वरूप कसे बदलले आणि लेखननियमांचा तिच्यावर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मराठीचे वेगळेपण : संस्कृतात ऱ्हस्व स्वरापुढे जोडाक्षर आल्यास ते अक्षर गुरू होते. मराठीत 'तुम्ही', 'वऱ्हाड' यांतील पहिले अक्षर मात्र लघूच राहते, कारण तेथे आघात पडत नाही. 'घर' हा शब्द बोलताना एकाच अक्षराचा ऐकू येतो, वृत्तात मात्र तो दोन लघूंचा मोजला जातो. माधवराव पटवर्धन यांनी 'छंदोरचना' (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) या ग्रंथात छंद, जाती आणि वृत्त असे वर्गीकरण केले. अक्षरसंख्येवर चालणाऱ्या छंदात सर्व अक्षरे गुरू उच्चारली जातात, जातीत मात्रा मोजल्या जातात आणि वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो, हा भेद त्यामुळे स्पष्ट झाला.

लेखननियमांचा परिणाम : १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यांना वजन नव्हतेच. त्यामुळे पद्याचे नुकसान झाले नाही. परंतु तत्सम शब्दांचे अंत्य इकार-उकार दीर्घ झाले. 'कवि' दोन मात्रांचा, तर 'कवी' तीन मात्रांचा. चरणाच्या मध्यभागी असा शब्द आल्यास वृत्त मोडते. पद्यरचनेत ऱ्हस्व-दीर्घाबाबत कवीला नियमांनी मुभा दिली आहे. तथापि केशवसुतपूर्व पद्य मुळानुसार छापावे आणि केशवसुतांपासूनचे नव्या नियमांनुसार, अशी मर्यादाही नियमावलीत आहे. केशवसुत (१८६६–१९०५) व त्यांच्या पुढील पिढ्यांनी जुन्या लेखनपद्धतीनेच वृत्तबद्ध कविता लिहिली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. माणगावलगतच्या महाड तालुक्यातील नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांनी मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला, तोही १९६२ पूर्वीच्याच लेखनसंस्कारात.

निष्कर्ष : अंत्य स्वर दीर्घ लिहिण्याचा नियम मराठी उच्चाराला धरून आहे, त्याविषयी तक्रार नाही. मात्र पाठ्यपुस्तकात तो यांत्रिकपणे लावल्यास विद्यार्थी कवीलाच दोषी समजतो. म्हणून १९६२ पूर्वीची वृत्तबद्ध कविता मूळ ऱ्हस्व-दीर्घांसह छापावी, आणि अध्यापकांनी अर्थ सांगण्यापूर्वी ती लघु-गुरूंसह मोठ्याने वाचून दाखवावी, असे सुचवावेसे वाटते.