बाकांचं भाडं

संपादक मंडळाचं पत्र आलं त्यात एक सूचना होती : आठवणी सगळेच पाठवतात, परदेशातल्यांनी आपापल्या गावाच्या इतिहासाविषयी काही लिहावं. म्हणून फिलाडेल्फियाविषयी लिहितो. स्वातंत्र्याची घंटा आणि जाहीरनामा सहलीच्या माहितीपत्रकात सापडेल. मी लिहिणार आहे ते एका चर्चविषयी, त्यातही मुख्यतः त्याच्या बाकांविषयी. इतिहासाच्या बाई सांगायच्या, जुन्या इमारतीसमोर उभं राहिलात की दोन प्रश्न विचारा. पैसे कुणी दिले? आणि आत कुणाला येऊ दिलं? बाईंनी पाठ करून घेतलेल्या सनावळ्या केव्हाच विसरलो, हे दोन प्रश्न तेवढे राहिले.

त्या भागात मी प्रथम गेलो तो आनंदीबाई जोश्यांसाठी. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या ते विमेन्स मेडिकल कॉलेज उत्तर फिलाडेल्फियात होतं. त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. मला तिथे हवं तसं काही सापडलं नाही, म्हणून उत्तरेकडे नुसताच चालत निघालो. चिकटून बांधलेली विटांची घरं, मध्येच पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा, आणि डायमंड स्ट्रीटवर आलो तर समोर एकदम फ्रान्समधून उचलून आणावं तसं प्रचंड दगडी गॉथिक चर्च. नाव, चर्च ऑफ द ॲडव्होकेट. माझी पहिली समजूत वकील मंडळींनी बांधलं असावं अशी झाली! पण हा ॲडव्होकेट म्हणजे आपली बाजू घेणारा. मराठी बायबलात त्याला 'कैवारी' असा फार चांगला शब्द आहे.

हे एपिस्कोपल पंथाचं चर्च. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणारं चर्च इथे चालणं शक्य नव्हतं. तेव्हा 1789 मध्ये फिलाडेल्फियातच त्याची अमेरिकन शाखा वेगळी उभी राहिली. बिशप, प्रार्थनापुस्तक, उपासनेची रीत बहुतेक तीच. पुण्याचं पंचहौद चर्चही याच अँग्लिकन घराण्यातलं. 1890 साली तिथल्या मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे-टिळकांवर केवढा गहजब झाला होता, ते आपण शाळेत हसत हसत वाचलं आहे.

आता बाकं. त्या काळी अमेरिकेतल्या पुष्कळ चर्चमध्ये बाकं भाड्याने देत किंवा विकत. पुढचं बाक महाग, मागचं स्वस्त, आणि ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने भिंतीकडेला किंवा वरच्या सज्जात बसावं. इथल्या क्राइस्ट चर्चमध्ये वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन यांची बाकं अजून पर्यटकांना दाखवतात. याला कुणी वाईट समजत नसे. छप्पर गळतं, पाळकांचा पगार द्यायचा असतो, मग पैसा कुठून आणायचा, हा साधा हिशेब.

पैसे दिले तरी जागा मिळेलच असं मात्र नव्हतं. याच शहरातल्या सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीय भाविक गुडघे टेकून प्रार्थना करत असताना विश्वस्तांनी त्यांना उठवायला सुरुवात केली, कारण ती जागा त्यांची नव्हती. त्यांच्यात ॲब्सलम जोन्स होते. गुलामगिरीत जन्मलेले, आधी बायकोचं स्वातंत्र्य विकत घेतलेले आणि मग स्वतः मुक्त झालेले. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच त्यांनी म्हटलं. कुणी थांबलं नाही. तेव्हा ती सगळी मंडळी उठून बाहेर पडली. त्यांचे सोबती रिचर्ड ॲलन यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की त्याच चर्चच्या नव्या सज्जासाठी आणि फरशीसाठी आम्ही वर्गणी दिली होती, अंगमेहनत केली होती. बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक आणि दुसऱ्याचं भलतंच, असं उदाहरण याहून स्पष्ट मला माहीत नाही.

1793 मध्ये शहरात पिवळ्या तापाची साथ आली. सधन लोक गाव सोडून गेले. जोन्स आणि ॲलन यांनी कृष्णवर्णीयांना गोळा करून आजाऱ्यांची शुश्रूषा केली, प्रेतं पुरली. साथ ओसरल्यावर एका प्रकाशकाने त्यांच्यातल्या काहींवर लुबाडणुकीचा आरोप छापला, तर दोघांनी 1794 मध्ये पुस्तिका काढून हिशेबासकट उत्तर दिलं. त्याच वर्षी जुलैत जोन्स यांच्या मंडळीचं स्वतःचं चर्च उघडलं आणि ते एपिस्कोपल पंथात सामील झालं. सामील करून घेताना अट अशी, की धर्मप्रांताच्या सभेत यांना प्रतिनिधी पाठवता येणार नाही. ही अट उठायला 1860 नंतरचं दशक उजाडावं लागलं. जोन्स पुढे या पंथाचे अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले. आज 13 फेब्रुवारी, म्हणजे त्यांची पुण्यतिथी, पंथाच्या दिनदर्शिकेत आहे. 

मी पाहिलेलं चर्च यानंतर शंभर वर्षांनी झालं. 1887 ते 1897 अशी दहा वर्षं बांधकाम चाललं. जॉर्ज साउथ नावाच्या व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या कुटुंबाने पैसे दिले आणि ठरवलं की इथे बाकाचं भाडं घ्यायचं नाही. कारखान्यात राबणाराही पहिल्या रांगेत बसेल. हेतू थोर, पण वस्ती पालटली. श्वेतवर्णीय कुटुंबं उपनगरांत गेली, दक्षिणेकडून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली, आणि कॅथीड्रलएवढी इमारत सांभाळायची जबाबदारी गरिबांवर आली. 1962 मध्ये फादर पॉल वॉशिंग्टन इथे आले ते 1987 पर्यंत राहिले. त्यांनी फुकट बाकांचा अर्थ ताणून पार रस्त्यापर्यंत नेला. 1968 ची ब्लॅक पॉवर परिषद इथेच भरली. 1973 ते 76 मध्ये दोन स्थानिक चित्रकारांनी भिंतींवर मोठी भित्तिचित्रं रंगवली. बायबलातल्या प्रसंगांना गुलामगिरी आणि मुक्तीचा इतिहास जोडलेला. काही चित्रं पाहवत नाहीत इतकी संतप्त आहेत. दगडी संतांच्या शेजारी ती बघताना मी बराच वेळ उभा होतो.

आणि मग 29 जुलै 1974. एपिस्कोपल चर्चमध्ये तोवर स्त्रीला डीकन होता येई, पुरोहित नाही. त्या दिवशी तीन बिशपांनी अकरा स्त्रियांना इथे पुरोहितपदाची दीक्षा दिली. तिघेही पदावरून निवृत्त वा मोकळे झालेले. स्थानिक बिशपांची संमती नव्हती. सुमारे दोन हजार माणसं जुलैच्या उकाड्यात दाटीवाटीने बसली होती. प्रार्थनापुस्तकाच्या रीतीप्रमाणे, कुणाची हरकत असल्यास बोलावं, असं विचारलं गेलं. काही पाळक पुढे आले, त्यांनी कडक शब्दांत हरकती वाचल्या, सगळ्यांनी ऐकून घेतल्या आणि विधी पुढे चालू झाला. मला ही गोष्ट फार आवडते. हरकत घेणाऱ्यालाही कुणी दाराबाहेर काढलं नाही.

महिन्याभरात बिशपांच्या सभेने ती दीक्षा अवैध ठरवली. 1976 च्या अधिवेशनात मात्र स्त्रियांना पुरोहितपद खुलं झालं. त्या दिवशी मिरवणुकीच्या अग्रभागी क्रूस धरून चालणारी बाई याच मंडळीची सभासद होती, एका तेल कंपनीत नोकरी करणारी. बार्बरा हॅरिस. 1989 मध्ये त्या बिशप झाल्या, जगभरच्या अँग्लिकन पंथातल्या पहिल्या स्त्री बिशप.

एका रविवारी मी उपासनेलाही जाऊन बसलो. अर्थात शेवटच्या बाकावर, सवय जात नाही. एवढ्या मोठ्या गाभ्यात मोजकीच माणसं. एक म्हातारी सरकली आणि तिने प्रार्थनापुस्तकाचं पान काढून हातात दिलं. आजाऱ्यांची नावं घेतली गेली. मग 'शांती असो' म्हणायची वेळ आली तशी माणसं बाकं सोडून एकमेकांकडे गेली, आणि पाच मिनिटं कोण कुठे बसलं होतं ते कळेना. प्रभुभोजनाला मी जागीच बसणार होतो, कारण ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. म्हातारीने हाताची घडी छातीवर घालून दाखवली. असं उभं राहिलास तर नुसता आशीर्वाद मिळतो. गेलो. नंतर कॉफी झाली. प्रायश्चित्त कुणी विचारलं नाही.

संपादक मंडळाच्या पत्रासोबत दुसरं एक पत्र होतं. सभागृहाच्या छपरासाठी पंचवीस हजारांवर देणगी देणाऱ्यांना मेळाव्यात पहिल्या दोन रांगांत नाव लावलेली खुर्ची. छप्पर गळतं हे खरं आहे आणि पैसे मी पाठवले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. खुर्चीवरचं नाव तेवढं काढा.

दुसरं असं की मेळाव्याची यादी एस.एस.सी.च्या निकालावरून केली आहे. 'ब' तुकडीत शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचं नाव त्यात येणारच नाही. फी थकली की त्याला प्रार्थनेच्या वेळी रांगेबाहेर उभं करत. नववीच्या दिवाळीनंतर तो आला नाही. त्याचे वडील स्टँडमागे सायकली दुरुस्त करायचे. ते दुकान अजून आहे का, गावातल्या कुणीतरी जाऊन पाहावं. तो आला तर मी त्याच्याजवळ बसेन, कुठल्याही रांगेत.