काकडा आणि दोरी

लहानपणी हिवाळ्यात मला जाग यायची ती टमटमच्या आवाजानं. म्हणजे चालू न होणाऱ्या टमटमच्या. आधी दोरी ओढल्याचा सर्र आवाज, मग इंजिनाचा एक जड ‘भक्’, मग शांतता. पुन्हा सर्र, पुन्हा भक्. गोधडीत पडल्या पडल्या मी मोजत राहायचो. पाच-सहा वेळा झालं की अंगणात जाळ पेटायचा, त्याचा उजेड दाराच्या फटीतून भिंतीवर नाचायचा, राकेलचा वास यायचा आणि एकदम धडधड सुरू व्हायची. मग मी कूस बदलून झोपायचो.

आमचं गाव केदारखेडा. जालन्याहून भोकरदनला जाताना राजूर मागे टाकलं की पूर्णेच्या काठी लागतं ते. बाबांची डिझेलची जुनी टमटम होती. पहाटेच्या फेरीला दुधाचे कॅन आणि भोकरदनला शिकायला जाणारी पोरं. सहाला गाडी हलली नाही तर दूध वेळेत पोचायचं नाही आणि पोरं काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसून निघून जायची. त्या एका फेरीवर आमचा त्या दिवसाचा किराणा असायचा.

हे सगळं मी विसरलो होतो. गेल्या हिवाळ्यात पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये आमच्या सर्व्हरच्या ‘कोल्ड स्टार्ट’वर चर्चा चालली होती. बराच वेळ कुणी न वापरलेला प्रोग्रॅम पहिल्या हाकेला उशिरा जागा होतो, त्याला आम्ही कोल्ड स्टार्ट म्हणतो. उपाय काय, तर दर काही मिनिटांनी त्याला उगाच एक हाक मारायची, म्हणजे तो ‘वॉर्म’ राहतो. कुणीतरी विचारलं, हा शब्द आला कुठून? मी म्हणालो, इंजिनातून. आणि म्हणता म्हणता राकेलचा वास आला.

घरी येऊन वाचायला बसलो. जगात थंड इंजिन गरम करण्याचा मोठा इतिहास आहे. त्यात अलास्का आहे, रशिया आहे, कॅनडा आहे. मराठवाडा नाही. साहजिकच आहे म्हणा. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापणाऱ्या मुलखाला इंजिनाचा हीटर कोण विकणार? पण पूर्णेकाठची पौषातली पहाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. पारा दहाच्या आसपास येतो, थंडीची लाट आली की त्याच्याही खाली. एवढ्याशा थंडीनं इंजिनाला काय होतं?

बरंच होतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. जुनी बजाज स्कूटर आडवी करून मग किक मारणारे काका तुम्ही पाहिले असतील. तिथं भांडण पेट्रोल आणि हवेच्या प्रमाणाचं असतं. डिझेलला ठिणगीच नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. सगळा खेळ हवा किती तापते त्यावर.

मी वहीत गणित मांडलं. हवा मूळच्या अठराव्या हिश्शात दाबली जाते असं धरू. आत जाणारी हवा ३० अंशांची असेल, तर दाबल्यावर ती साधारण ४५० अंशांपर्यंत जाते. आत जाणारी हवा ८ अंशांची असेल, तर ४०० पेक्षाही खालीच राहते. बाहेर फरक २२ अंशांचा, आत ५० च्या वर. हे झालं कागदावरचं. दोरीनं इंजिन सावकाश फिरतं, तेवढ्या वेळात थोडी हवा रिंगांमधून निसटते, थोडी उष्णता थंडगार सिलिंडर पिऊन टाकतो. म्हणजे दारातला गारठा आत गेल्यावर दुपटीहून जास्त होतो आणि वर गळतीही.

त्यात ऑइल. बाबा टाकायचे ते एकाच ग्रेडचं जाड ऑइल थंडीत काकवीसारखं व्हायचं. इंजिन हवं त्या वेगानं फिरायचंच नाही.

आता या इंजिनाची दुसरी गोष्ट. ते हवेवर थंड होणारं होतं. सिलिंडरभोवती पाण्याऐवजी धातूच्या पातळ पाकळ्या, त्यांच्यावरून पंख्याचा वारा. रेडिएटर नाही, होजपाइप नाही, पंप नाही. पाणी भरायचं नाही, गळायचं नाही, उकळायचं नाही. खेड्यात, त्यातही आमच्यासारख्या टँकरच्या मुलखात, हे वरदानच. जर्मनीच्या बव्हेरियातल्या आयशर कंपनीचे ट्रॅक्टर असेच होते. १९५९ मध्ये फरिदाबादला त्यांचं भारतातलं उत्पादन सुरू झालं आणि आयशरचे एका सिलिंडरचे, हवेवर थंड होणारे छोटे ट्रॅक्टर गावोगाव दिसू लागले. पुढे तीनचाकींसाठी ग्रीव्हज कंपनीनं इटलीच्या लोंबार्दिनीच्या तंत्रावर अशीच छोटी डिझेल इंजिनं बनवली, तीही आमच्या शेजारी औरंगाबादला. देशातल्या कितीतरी टमटम आणि मालवाहू रिक्षा त्यांच्यावर धावल्या.

पण थंडीत हेच वरदान उलटतं. पाण्याचं इंजिन गरम करणं सोपं, कारण पाणी गरम करणं सोपं. अमेरिकेत नॉर्थ डाकोटा राज्यातल्या अँड्र्यू फ्रीमन या माणसानं इंजिनाच्या डोक्यावरच्या एका बोल्टच्या जागी विजेचा हीटर बसवला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. रात्रभर प्लग लावून ठेवायचा, आतलं पाणी कोमट राहतं, सकाळी गाडी चटकन चालू. उत्तर अमेरिकेच्या थंड भागात आजही गाड्यांच्या तोंडातून प्लगची वायर लोंबताना दिसते. हवेवरच्या इंजिनात असं पाणीच नाही. मग गरम करायचं काय? दोनच वाटा उरतात. खालचं ऑइल, नाहीतर आत जाणारी हवा.

ऑइलची वाट वैमानिकांनी धरली. १९२०-३० च्या दशकांत अलास्कात छोटी विमानं उडवणाऱ्यांची इंजिनं बऱ्याचदा हवेवर थंड होणारी असत. मुक्कामाला उतरलं की इंजिन गरम असतानाच ऑइल डब्यात काढून घ्यायचं आणि तो डबा घरात शेगडीजवळ ठेवायचा. इंजिनावर जाड कापडाची खोळ चढवायची. सकाळी खोळीखाली जाळाचं भांडं ठेवून इंजिन शेकायचं, मग गरम ऑइल ओतून लगेच उड्डाण. जाळाजवळ कुणीतरी सतत बसून राहावं लागे, कारण कधीकधी विमानच पेटे. हे वाचताना मला हसू आलं. आमच्या टमटमच्या इंजिनावर रात्री जुनी गोधडी आणि पोतं टाकलेलं असायचं. अलास्काचं नाव आमच्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं.

दुसरी वाट, थेट आग दाखवण्याची, तर इंजिनाइतकीच जुनी. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये नीट चाललं, पण त्याच्याही आधी, १८९० मध्ये, इंग्लंडच्या अॅक्रॉइड स्टुअर्टनं अशा इंजिनाचं पेटंट घेतलं होतं ज्याचा एक भाग बाहेरून दिव्यानं तापवावा लागे. १९२१ मध्ये आलेला जर्मन लान्झ बुलडॉग ट्रॅक्टर याच जातीचा. पुढच्या बाजूला स्टोव्हसारखा दिवा लावायचा, डोकं तापेपर्यंत थांबायचं आणि मग फिरवायचं. ब्रिटनच्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरमध्ये धुमसता कागद एका पकडीत अडकवून सिलिंडरमध्ये घालत. १९४१ च्या हिवाळ्यात रशियात अडकलेले सैनिक गाड्यांखाली शेकोट्या करत होते.

पुढे कंपन्यांनी हीच आग डबीत बंद केली. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या ट्रॅक्टरांवर थर्मोस्टार्ट नावाची एक नळी असायची. चावी अर्धी फिरवली की आतली तार लाल होते, तिच्यावर थेंब थेंब डिझेल पडून पेटतं, आणि त्या ज्योतीवरून तापून हवा इंजिनात जाते. या ओळीपाशी मी थांबलो. हवेच्या वाटेवर धरलेली डिझेलची ज्योत. म्हणजे आमच्या अंगणातला काकडाच की हा!

कार्तिकात आमच्या देवळात पहाटे काकडा होतो. पिळलेल्या कापडाची जाड वात तुपात भिजवून देवापुढे ओवाळतात. कार्तिक संपून थंडी वाढली की तसाच काकडा आमच्या अंगणात व्हायचा, तुपाऐवजी राकेलचा. लोखंडी सळीला चिंध्या गुंडाळायच्या, भिजवायच्या, पेटवायच्या. एअर फिल्टरचं झाकण काढून हवेच्या तोंडापाशी धरायच्या आणि दोरी ओढायची. इंजिनात शिरणारी हवा ज्योतीमुळे तीस-चाळीस अंशांनी जरी जास्त गरम झाली, तरी माझ्या गणितानं आत सत्तर ते नव्वद अंश वाढतात. गारठा जसा आत वाढतो तशीच ऊबही वाढते. नेमक्या जागी दिलेली चिमूटभर ऊब अख्खं इंजिन शेकण्याचं काम करते.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मला तोंडी परीक्षेत विचारलं होतं, डिझेल इंजिनाच्या कोल्ड स्टार्टसाठी काय काय वापरतात? मी ग्लो प्लग म्हणालो, ब्लॉक हीटर म्हणालो, ईथरचा फवारा म्हणालो. काकडा ओठांवर आला होता. बोललो नाही. वर्गातली शहरातली पोरं हसतील असं वाटलं.

म्हणून हा लेख बाबांवर लिहायचा असं ठरवलं. ज्याला पुस्तकात जागा नाही असा हीटर रोज पहाटे पेटवणारा माणूस. पहिला खर्डा झाला, तो मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते ऐकत होते. काकड्यापाशी आलो तेव्हा त्यांनी थांबवलं.

“काकडा म्या कव्हा धरला रे? म्या तर दोरीला असायचो. काकडा तुझी माय धरायची.”

मी गप्प झालो. खरंच की. दोरी ओढायला मागच्या बाजूला दोन्ही हात आणि अंगाचा सगळा जोर लागायचा. ओढणारा माणूस हवेच्या तोंडाशी ज्योत धरूच शकत नाही. या हीटरला दोन माणसं लागायची. भिंतीवरचा नाचणारा उजेड मी वर्षानुवर्षं पाहिला आणि तो कुणाच्या हातात आहे हे एकदाही विचारलं नाही. आईच्या उजव्या मनगटाच्या वर भाजल्याचा एक जुना डाग आहे. तो चुलीचा आहे असं मी धरून चाललो होतो.

बाबांनी फोन तिच्याकडे दिला.

“त्यात काय लिवायचं?” ती म्हणाली.

मी म्हणालो, कसं धरायचीस ते सांग.

“तोंडाशी नाही धरायचं. वीतभर लांब. ह्यांनी दोरी वढली का जाळ आत वळतो. वळला का लगेच काढून घ्यायचा. ठिवला तर गाडीचा जीव गुदमरतो.”

मी वहीत बघितलं. ज्योत हवा तापवते, पण त्याच हवेतला ऑक्सिजनही खाते. गरम हवा विरळही असते. काकडा जास्त वेळ धरला तर आत तापलेली पण निकामी हवा जाणार आणि डिझेल पेटणार नाही. म्हणजे ज्योत दाखवायचीही आणि वेळेत काढायचीही. थर्मोस्टार्ट लावलेल्या ट्रॅक्टरलाही हे सांभाळावं लागतं. आमच्याकडे ते सांभाळणारी व्यक्ती जाळ आत कधी वळतो ते डोळ्यांनी बघत होती आणि पाव सेकंदात हात मागे घेत होती. एकदा तो हात उशिरा मागे आला.

“कव्हा भाजलं?” मी विचारलं.

“तू सातवीत असशील. त्या दिवशी गाडी चालू झाली पण.”

हे कुणी घरी करून बघू नये, हे वेगळं सांगायला नको. राकेल, उघडी ज्योत आणि डिझेलची टाकी हे सगळं हातभर अंतरात असतं. ईथरचा फवाराही काही कमी धोक्याचा नाही. जास्त झाला तर इंजिन आतून फुटतं. आता तशी वेळही कमी येते. थंडीत पातळ राहणारं मल्टिग्रेड ऑइल सगळीकडे मिळतं, सेल्फ स्टार्टर आले, एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स लागू झालं आणि गावातल्या रस्त्यावर बॅटरीच्या रिक्षा दिसू लागल्या. त्यांना काहीच शेकावं लागत नाही. आमची टमटम त्याच्या आदल्या वर्षी भंगारात गेली.

बाबांनी दोरी मात्र ठेवली होती. दिवाळीत घरी गेलो तेव्हा ती गोठ्यात म्हशीच्या दाव्याला जोडलेली दिसली. काकड्याची सळी कुठं आहे विचारलं. आईला आठवेना. मग म्हणाली, चुलीत लाकडं सारायला घेते ना मी, तीच ती.