गाडीचा विमा की माणसाचा?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने विम्यावर बोलायचं म्हणजे तुम्हाला जरा नवल वाटेल. त्याचं कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील घरी आले. त्यांचा धाकटा मुलगा मित्राची मोटरसायकल घेऊन निघाला होता, वाटेत गाडी घसरली आणि तो गेला. समोर दुसरं वाहन नव्हतं. वडील म्हणाले, "सर, गाडीचा विमा चालू होता. हप्ता भरलेला होता. मग आम्हाला काहीच मिळणार नाही, असं कसं?" मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी वाचायला बसलो.

हा प्रश्न मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. अपघात झाला की दोष कुणाचा, वस्तूचा की माणसाचा? प्लेटोने 'लॉज' या ग्रंथात लिहून ठेवलंय की एखाद्या निर्जीव वस्तूमुळे माणूस मेला, तर त्या वस्तूचा न्याय करावा आणि तिला राज्याच्या सीमेबाहेर टाकावं. अपवाद फक्त विजेसारख्या, देवाकडून आलेल्या गोष्टीचा. आपल्याला हसू येतं. पण लहान मूल उंबऱ्याला ठेचकाळलं की आजी उंबऱ्याला चापट मारते ना? मूळ भावना तीच.

इंग्लंडमध्ये तर हा कायदाच होता. त्याचं नाव डिओडंड, म्हणजे देवाला द्यायची वस्तू. गाडीखाली माणूस मेला की ती गाडी, तो घोडा किंवा त्याची किंमत राजाकडे जमा व्हायची. १८४१ साली सॉनिंग इथे रेल्वेचा अपघात झाला. मेलेल्यांत बरेचसे पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे पाथरवट होते, नाताळासाठी घरी निघालेले. ज्युरीने इंजिन आणि डब्यांवर हजार पौंडांचा डिओडंड ठोठावला. आता बघा, दोष ठरला इंजिनाचा, पैसा राजाचा, आणि पाथरवटाच्या बायकोला हक्काने काय? काही नाही. १८४६ साली डिओडंड रद्द झाला, आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला नुकसानभरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा आला. तसाच कायदा आपल्याकडे १८५५ साली झाला. म्हणजे प्रश्न बदलला. "दोषी कोण?" या प्रश्नाशेजारी "मागे राहिलेल्यांचं काय?" हा प्रश्न येऊन बसला.

मग मोटार आली. हक्क होता, पण चालकाच्या खिशात पैसेच नसतील तर हुकूमनामा घेऊन करायचं काय? म्हणून ब्रिटनने १९३०च्या कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. तिथे पॉलिसीत कुणी गाडी चालवायची हे बहुधा नावानिशी लिहिलेलं असतं. म्हणजे विमा बराचसा माणसाला चिकटलेला. आपण १९३९चा मोटार वाहन कायदा केला, त्यातला विम्याचा भाग १९४६मध्ये लागू झाला, पण आपल्याकडे वळण वेगळं पडलं. १९८८च्या कायद्याप्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो. मालक बदलतो, विमा गाडीबरोबर राहतो.

हे गाडीला दोषी धरणं आहे का? मला तसं वाटत नाही. आपल्याकडे गाडी एकाच्या नावावर, चालवणार भाऊ, भाचा, ड्रायव्हर, कधी गॅरेजवाला. रस्त्यावर पडलेल्याला चालक कोण हे कळत नाही, तो पळूनही जातो. नंबर प्लेट मात्र कुणीतरी टिपतं. जखमी माणसाला जी गोष्ट सापडू शकते, तिलाच विमा बांधलेला बरा.

न्यायालयांनीही हीच दिशा धरली. १९८७चा कोकिलाबेन खटला घ्या. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खायला काही आणायला उतरला. मागे विनापरवाना क्लीनरने ट्रक चालवला आणि अपघात झाला. कंपनी म्हणाली, चालकाकडे परवाना नव्हता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मालकाने परवानाधारक ड्रायव्हर नेमला होता, त्याने अट मोडलेली नाही, पैसे द्या. २००४च्या स्वर्ण सिंग खटल्यात तर आणखी स्पष्ट झालं, की आधी पीडिताला पैसे द्या, मालकाने खरोखर अट मोडली असेल तर मागाहून त्याच्याकडून वसूल करा.

पण आता त्या वडिलांकडे येऊ. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा. पहिला मालक, दुसरी कंपनी, तिसरा बाहेरचा. मित्राची गाडी घेऊन निघालेला मुलगा कोण? २००९च्या निंगम्मा खटल्यात न्यायालयाने सांगितलं की मालकाकडून गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो. मग तो तिसरा उरत नाही, आणि तिसऱ्यासाठीचा पैसा त्याच्या घरी येत नाही. मालकासाठी अपघात विमा असतो, पण तो मालक-चालकाचा. २०१९पासून तो गाडीपासून वेगळा घेता येतो. दोन गाड्या असल्या तरी माणसाला एकच पुरतो. हे चांगलं झालं. पण ज्याच्या नावावर एकही गाडी नाही, त्याचं काय?

गंमत अशी की नो क्लेम बोनस आपल्याकडे माणसाचा असतो. गाडी विकली तरी तो नव्या गाडीला लावून मिळतो. म्हणजे चांगलं वागल्याचं पुण्य माणसाच्या खात्यावर, धोका गाडीच्या खात्यावर!

माझं मत विचाराल तर, 'गाडी की चालक' ही मांडणीच अपुरी आहे. आधी विचारावं, कुणाचं नुकसान? बाहेरच्याचं असेल तर विमा गाडीला बांधलेला हवा, कारण त्याला गाडीच सापडते. चालवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाचं असेल तर विमा माणसाला बांधलेला हवा, कारण तो आज या गाडीवर तर उद्या त्या गाडीवर असतो. हवं तर तो परवान्यालाच जोडावा. पहिलं काम आपण बरंचसं केलंय. दुसरं अर्धवट आहे.

ते गृहस्थ पुन्हा भेटले तेव्हा मी हे सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे गाडीला कागद होते, पोराला नव्हते." यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही. तेव्हा कुणाला किल्ली देताना गाडीची पॉलिसी बघाच, पण घेणाऱ्याचा स्वतःचा अपघात विमा आहे का, हेही विचारा. संकोच करू नका.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.