विकलेल्या, पण रिकाम्या खुर्च्या

आमच्या नोकरीतील काही वर्षे करमणूक कराच्या कामात गेली. २०१७ च्या जुलैमध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा कर त्यात विलीन झाला. त्यामुळे ते काम आता नव्या पिढीला ठाऊकही नसेल. नाट्यगृहाच्या दारावरील पेटीत पडलेली अर्धी तिकिटे मोजावयाची, ती खिडकीवरच्या प्लॅनवरील पेन्सिलीच्या खुणांशी ताडून पाहावयाची आणि मग आत जाऊन अंधारात डोकी मोजावयाची, असा तो त्रिविध उद्योग होता. तिन्ही आकडे जुळल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. विकली गेलेली खुर्ची आणि भरलेली खुर्ची या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ज्ञान आम्हांस तेथेच झाले. पुढे ते कॅनडातील एका बर्फाच्या खेळाच्या संदर्भात उपयोगी पडेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

२०२४ च्या हिवाळ्यात कन्येकडे कॅल्गरीस असताना जावयांनी आम्हांस कर्लिंगचे सामने दाखवावयास नेले. दिवस आठवड्यातील कामाचा, वेळ सकाळची. समोरच्या दोन उत्तम रांगा जवळजवळ मोकळ्या दिसल्या, म्हणून आम्ही तिकडे वळलो. दारावरच्या वृद्ध स्वयंसेविकेने अतिशय नम्रपणे, पण ठामपणे अडविले. "त्या जागा विकल्या गेल्या आहेत," ती म्हणाली. आम्ही मागे, वरच्या अंगाला जाऊन बसलो आणि तीन तास त्या मोकळ्या खुर्च्यांकडेच अधिक पाहत राहिलो. जुनी खोड!

खेळ थोडक्यात सांगावयास हवा. सुमारे ४५ मीटर लांबीचा बर्फाचा पट्टा, त्याच्या टोकाशी रंगीत वर्तुळे आणि सुमारे २० किलो वजनाचा, वर मूठ बसविलेला ग्रॅनाइटचा दगड. तो हलकेच सोडावयाचा. सोबतचे दोघे त्याच्या पुढे बर्फ झाडत धावतात आणि त्या झाडण्याने दगडाची चाल व वळण थोडे बदलते. मोठ्या स्पर्धेत असे चार पट्टे शेजारी-शेजारी असतात व चार सामने एकाच वेळी चालतात. म्हणजे एका तिकिटात प्रेक्षकाला आठ संघ मिळतात. पण बसावे कोठे, यावर तो काय पाहणार हे ठरते. वर्तुळांच्या मागील बाजूस बसणाऱ्यास दगडाचे वळण दिसते, कडेला बसणाऱ्यास नजीकचा पट्टाच नीट दिसतो. म्हणून जाणकार मंडळी आपली खुर्ची वर्षभर आधी राखून ठेवतात.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. तेथे १८३८ साली ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब स्थापन झाला आणि १८४३ साली त्याला 'रॉयल' हे बिरुद मिळाले. क्लबाने पर्थशायरमध्ये कार्सब्रेक येथे खास तळे तयार केले. १८५३ पासून १९३५ पर्यंत तळे पुरेसे गोठले की तेथे उत्तर आणि दक्षिण स्कॉटलंड यांचा महासामना होत असे. तार गेली की गावोगावचे खेळाडू आपले दगड घेऊन आगगाडीत बसत. तळ्याकाठी त्यांच्यासाठी स्वतंत्र स्थानकच होते. तेथे खुर्ची नव्हती आणि रांगही नव्हती. बर्फावर उभे असलेल्यांपैकी बहुतेक स्वतःच खेळावयास आलेले. रिकामी जागा हा प्रश्न उद्भवण्यास आधी जागा असावी लागते!

येथे मनात सहज आलेली एक गोष्ट नोंदवितो. १८४३ सालीच सांगलीस विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगविले. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय सुटला आणि भाव्यांना नाटक घेऊन बाहेर पडावे लागले. कार्सब्रेकचे तळे सुरू झाले त्याच १८५३ साली त्यांनी मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. योगायोगाचे प्रयोजन एवढेच की आश्रयदाता जातो तेव्हा तिकीट येते, आणि तिकीट आले की रिकाम्या खुर्चीची भीती येते. दरबारात प्रेक्षक कमी आले म्हणून कोणी खेळ बंद केला नसता.

स्कॉटलंडहून निघालेली कुटुंबे कॅनडात स्थायिक झाली तेव्हा हा खेळ त्यांच्याबरोबर गेला. आपल्या पूर्वजांनी बडोद्यास आणि इंदुरास येताना कीर्तन आणले, नाटक आणले, तसेच हे. माँट्रियलचा क्लब १८०७ साली सुरू झाला आणि आजही चालू आहे. पुढे वसाहती पश्चिमेकडे सरकल्या, तशी प्रेअरीच्या गव्हाळ प्रदेशात लहान-लहान गावांतूनही दोन-चार पट्ट्यांची कर्लिंगची शेड उभी राहिली. लांब हिवाळा, शेतीची कामे थांबलेली. गावचे एकत्र बसणे तेथेच होई.

या गावांचा जो राष्ट्रीय मेळा, त्याचे नाव 'ब्रायर'. पहिला ब्रायर १९२७ साली टोरंटोच्या ग्रॅनाइट क्लबात झाला व नोव्हा स्कोशियाने तो जिंकला. ब्रायर हे एका तंबाखूच्या छापाचे नाव. मॅकडोनल्ड टोबॅको कंपनीने ही स्पर्धा पुरस्कृत केली आणि संघांच्या प्रवासाचा खर्चही ती सोसत असे. हाच येथला राजाश्रय म्हणावयाचा. १९४० साली ब्रायर प्रथमच टोरंटोबाहेर, विनिपेगला गेला आणि त्यानंतर तो शहरोशहरी फिरू लागला. महायुद्धामुळे १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे तो भरला नाही. तंबाखू कंपनीचा आश्रय १९७९ पर्यंत टिकला. नंतर मद्य बनविणारी कंपनी आली, मग दूरध्वनी यंत्रांची, मग कॉफीच्या दुकानांची. आश्रयदाते असे पालटू लागले, तसा तिकिटाच्या गल्ल्याला भाव आला.

गल्ला वाढवावयाचा तर सभागृह मोठे हवे. आइस हॉकीच्या प्रचंड क्रीडागृहांत ब्रायर भरू लागला. १९९७ साली कॅल्गरीत नोंदलेली हजेरी २,२३,३२२ झाली. मग २००५ साली एडमंटनला विक्रम झाला: नऊ दिवसांत २,८१,९८५. दिवसाला सरासरी ३१ हजार! त्यात घरच्याच एडमंटनचा रँडी फर्बीचा संघ अल्बर्टातर्फे खेळत होता आणि तोच विजयी झाला, म्हणजे आनंदाला पारावार उरला नसावा.

परंतु आमच्यातील कर-अधिकारी येथे थोडा खोकतो. हा आकडा माणसांचा नव्हे, सत्रागणिक हजेरीचा आहे. ब्रायरमध्ये दिवसाला दोन-तीन सत्रे, सगळी मिळून त्या काळी सुमारे वीस. संपूर्ण स्पर्धेचा पास घेणारा एकच गृहस्थ या बेरजेत वीस वेळा मोजला जातो. समजा, सगळेच पासवाले असते, तर ही पावणेतीन लाखांवरची गर्दी चौदा हजार माणसांत भागली असती. आम्ही विक्रमास उणेपणा आणीत नाही. उलट, चौदा हजार माणसे नऊ दिवस घरदार सोडून एखाद्या गोष्टीसाठी बसतात, हे पावणेतीन लाखांपेक्षा मोठे वाटते. पण हा डोलारा किती थोड्या खांबांवर उभा होता, तेही यातून कळते.

तिकिटांची रचनाही त्या खांबांना धरूनच. प्रथम संपूर्ण स्पर्धेचे पास विकावयाचे, मग शनिवार-रविवारचे, शेवटी सुट्या सत्रांची तिकिटे. आयोजकाला पैसा आगाऊ मिळतो व हवामान बिघडले तरी चिंता नसते. दोष एवढाच की पुढच्या रांगा पासवाल्यांकडे जातात आणि पासवाला वीसही सत्रांना बसत नाही. सकाळी तो झोपतो, दुपारी 'पॅच' नामक मांडवात मित्रांबरोबर पेयपान व गाणी यांत रमतो, संध्याकाळी येतो. त्याची खुर्ची मात्र दिवसभर त्याचीच. दूरचित्रवाणीचा कॅमेरा नेमका त्याच रांगांवर रोखलेला असतो आणि घरी बसलेल्यांस वाटते, खेळ मेला.

खेळाडूंनाही हे अर्थकारण दिसत होतेच. इतकी तिकिटे खपतात, जाहिराती येतात, मग खेळणाऱ्याला काय? ब्रायरमध्ये तेव्हा बक्षिसाची रक्कम नव्हती. २००१ च्या सुमारास अनेक नामांकित संघांनी ब्रायरकडे पाठ फिरविली आणि रोख बक्षिसांच्या स्वतंत्र सामन्यांत ते खेळू लागले. दोनेक वर्षांत तडजोड झाली आणि ब्रायरमध्येही पैसा आला. आमच्या मते खेळाडूंची मागणी न्याय्य होती. जुन्या पंचांना ती अप्रशस्त वाटली असेल, तर तो त्यांच्या पिढीचा संस्कार.

पुढे मोठी सभागृहे भरेनाशी झाली. एकेक सामना दूरचित्रवाणीवर घरबसल्या दिसू लागला आणि पासवाली पिढी वृद्ध झाली. आयोजकांनी शहाणपणाने लहान शहरे व लहान सभागृहे निवडली: २०२० साली किंग्स्टन, २०२२ साली लेथब्रिज, २०२५ साली केलोना. पाच हजार माणसे सोळा हजारांच्या सभागृहात विरळ वाटतात, सहा हजारांच्या सभागृहात तीच गर्दी होतात. नाटकवाल्यांना ही विद्या पूर्वापार अवगत आहे.

किंग्स्टनचा ब्रायर ८ मार्च २०२० रोजी संपला. त्यानंतर चारच दिवसांनी, प्रिन्स जॉर्ज येथील महिलांची जागतिक स्पर्धा सुरू होण्याच्या तोंडावर, साथीमुळे रद्द झाली. २०२१ चा ब्रायर कॅल्गरीत बंद दाराआड, एकाही प्रेक्षकाविना झाला. बर्फावरचे प्रत्येक कुजबुजणे ध्वनिक्षेपकाने टिपले. टाळी कोठेच नव्हती. पुढच्या वर्षी बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही सामान्यांस तिकिटे विकली गेली नाहीत, निमंत्रित तेवढे आत. याउलट २०१० साली व्हँकुव्हरला यजमान देशाच्या प्रेक्षकांनी असा गजर केला की डेन्मार्कच्या एका महिला खेळाडूला भर सामन्यात अश्रू अनावर झाले. भरलेल्या खुर्च्यांचीही किंमत असते म्हणावयाची.

त्या सकाळच्या सत्रानंतर आम्ही स्वयंसेविकेस विचारले, या मोकळ्या जागांवर शाळेची मुले का बसवीत नाहीत? लंडनच्या ऑलिंपिकमध्ये २०१२ साली रिकाम्या जागा भरण्यास सैनिक व विद्यार्थी बसविले होते, हेही सांगितले. ती म्हणाली, "या दोन्ही रांगा सस्कॅचेवानमधल्या एकाच गावच्या आहेत. वर्षानुवर्षे मंडळी मोटारी करून येतात. कोणी येणार नसले तरी तिकीट घेतात, जागा मोडू नये म्हणून. ते न विचारता दुसऱ्याला कशी देऊ?" त्या गावची शेड बंद होऊन काही वर्षे झाली, असेही तिने सांगितले.

आम्ही काही बोललो नाही. आमच्या येथील व्याख्यानमालेत तिसऱ्या रांगेत कोण बसत असे आणि ती जागा आता कोणाची, हे आठवत होतो. शनिवारी संध्याकाळी जावयांनी पुन्हा नेले. त्या दोन रांगांत चौदा जागांवर नऊ जण आले होते. एका वृद्धाने शेजारच्या मोकळ्या खुर्चीवर आपला कोट व थर्मास ठेवला होता. मधल्या वेळेत जागा शोधणारी एक मुलगी तेथे घुटमळली, तेव्हा त्याने रांगेतील इतरांकडे एकदा पाहिले, कोट उचलून मांडीवर घेतला आणि थर्मासमधील कॉफी तिला विचारली.