फोटोतले नाटक

नाटक ही मोठी नाशवंत वस्तू. चित्र भिंतीवर राहते, कविता पुस्तकात राहते. नाटक मात्र शेवटचा पडदा पडला की गेले. मागे उरतो एखादा फोटो. आपण तो हाती घेतो, नटाचे कौतुक करतो आणि बाजूला ठेवतो. माझे म्हणणे एवढेच, की तो आणखी घटकाभर पाहावा. नटाच्या अंगावरचे कापड, पाठीमागचा पडदा आणि तोंडावरचा उजेड यांची नीट चौकशी केली, की तेवढ्याशा कागदातून सबंध काळ बोलू लागतो.

प्रथम कापड. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्या विदर्भातल्या सावनेरला वारले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. भरजरी शालूंसाठी ज्यांची ख्याती, ते बालगंधर्व त्यात सिंधू होऊन फाटक्या लुगड्यात उभे राहिले. दारूने घराची कोणती दशा केली, हे सिंधूने तोंड उघडण्यापूर्वी तिचे लुगडेच सांगते. वेषभूषा म्हणजे केवळ नटणे नव्हे, हे इथे पटते.

मात्र जुन्या फोटोतल्या रंगांवर भरवसा ठेवू नये. त्या काळी वापरात असलेल्या बहुतेक काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा भलताच उजळ दिसे. म्हणून लाल शालू काळा उतरतो आणि निळे वस्त्र पांढुरके.

आता पडदा. जंगल, रस्ता, राजवाडा असे ठरीव पडदे मंडळ्या बरोबर घेऊन हिंडत. दूरचा महाल लहान रंगवलेला असे. त्यामुळे नट पडद्याला खेटून उभा राहिला, की राजा आपल्याच महालाच्या दरवाजापेक्षा उंच दिसतो! १९३३ साली मुंबईत नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केले आणि रंगवलेल्या पडद्याच्या जागी भिंती, दारे, खिडक्या असलेली खोली आली. नट त्या खोलीत वावरू लागला. पूर्वी तो चित्रापुढे उभा असे, आता घरात बसू लागला.

उजेडाची गोष्ट याहून नाजूक. जुन्या काचा मंद, आणि रंगमंचावरचे दिवे त्याहून मंद. म्हणून नटांना पोषाखासह स्टुडिओत नेऊन किंवा दिवसाच्या उजेडात उभे करून फोटो काढीत. तो उजेड नाटकाचा नव्हेच. परंतु हनुवटी खालून उजळलेली आणि नाकाची सावली कपाळाकडे गेलेली दिसली, तर समजावे की पायाशी दिव्यांची रांग आहे आणि हा उजेड खरोखरीच रंगमंचावरचा आहे.

हे सारे मी वरठीत बसून का सांगतो? आमच्या गावात रेल्वेचे भंडारा रोड स्टेशन आहे. पण दिवाळी सरली की इथे मोठी ओढ असते ती मंडईची. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा जुनी. धान कापून झाले की गावोगाव नाटके सुरू होतात आणि रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटेपर्यंत चालतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे या मंडळ्यांचे केंद्र. इथल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला आनंद झाला.

इकडच्या घरांतून नाटकांचे फोटो माझ्या पाहण्यात येतात. राजा कोण झाला, राणी कोण झाली, हे घरातली म्हातारी माणसे क्षणात सांगतात. पण पडदा कोणी रंगवला, शेला कोणी शिवला, दिवे कोणी टांगले, असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. त्या माणसांची कला फोटोत आहे, नाव कुठेच नाही. आणि ते ज्यांना ठाऊक आहे, अशी माणसे दर दिवाळीला थोडी कमी होत आहेत.

वाचकहो, फराळाच्या निमित्ताने आजोबा, मामा, आत्या एकत्र जमतील, तेव्हा ट्रंकेतला तो जुना फोटो बाहेर काढा. नटाच्या नावावर थांबू नका. शिंप्याचे, रंगाऱ्याचे, दिवेवाल्याचे नाव विचारा आणि फोटोच्या पाठीवर हलक्या हाताने शिसपेन्सिलीने लिहून ठेवा.