कुमानोची वाट

चाळीस मुलांची दोन दिवसांची सहल काढायची म्हटले तरी आम्हा मुख्याध्यापकांची महिनाभर झोप उडते. मग सम्राटाला तीन आठवड्यांच्या यात्रेला न्यायचे, तर काय होत असेल? फुजिवारा नो तेइका या जपानी कवीने ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

क्योतोच्या दक्षिणेस, कीइ द्वीपकल्पाच्या दाट डोंगरांत होंगू, हायातामा आणि नाची ही कुमानोची तीन देवस्थाने आहेत. १२०१ साली निवृत्त सम्राट गोतोबा तिकडे निघाला. आधी मुहूर्त, मग काही दिवस शुद्धिगृहात राहून सोवळे, नंतर नदीतून नावेने आणि पुढे समुद्रकाठाने डोंगराकडे. वाटेवरच्या छोट्या देवस्थानांना ‘ओजी’ म्हणतात. तिथे थांबून पूजा करायची, काही ठिकाणी काव्यवाचनही. तेइकाकडे काम होते पुढे जाऊन मुक्कामाची सोय लावण्याचे! चाळिशीला टेकलेला, प्रकृतीने नाजूक असा हा थोर कवी थंडीने आणि आजाराने जेरीस आला. नाचीहून होंगूकडे परतताना डोंगरात धो धो पाऊस लागला, तो वेगळाच.

गोतोबाने अशा २८ यात्रा केल्या. १२२१च्या युद्धात हरून तो ओकी बेटावर हद्दपार झाला आणि राजयात्रा जवळजवळ थांबल्या. वाट मात्र ओस पडली नाही. सामुराई आले, शेतकरी आले. कित्येक पवित्र डोंगर स्त्रियांना बंद असताना कुमानोने त्यांना अडवले नाही. यात्रेकरूंच्या रांगेला लोक मुंग्यांची रांग म्हणू लागले.

खरा घाला आला तो १९०६ नंतर. लहान देवस्थाने मोठ्यांत विलीन करण्याचा सरकारी हुकूम सुटला. कित्येक ओजी नाहीशी झाली, त्यांची झाडे तोडली गेली. मिनाकाता कुमागुसू या निसर्गशास्त्रज्ञाने त्याविरुद्ध लेखणी झिजवली, १९१०मध्ये कोठडीही भोगली. त्सुगिझाकुरा ओजीपाशी आज जे प्रचंड सुगी वृक्ष दिसतात, ते या लढ्यामुळे वाचले.

२००४ साली ही वाट जागतिक वारशाच्या यादीत गेली. आज जाणारा बहुधा ताकिजिरीपासून सुरुवात करतो. तिथून होंगू सुमारे ३८ किलोमीटर; ताकाहारा आणि चिकात्सुयू येथे मुक्काम केले तर तिसऱ्या दिवशी पोहोचता येते. पहिलाच चढ छातीवर येतो. गावे लहान, उतरण्याच्या जागा मोजक्या; त्यामुळे आधी अंथरूण मिळवायचे आणि मग तारीख ठरवायची. ज्योतिष्याचे काम आता घरमालकीण करते, एवढाच फरक!

होंगूला पोहोचल्यावर मात्र लगेच पाय पसरू नयेत. तेइकाने पाहिलेले देवस्थान नदीकाठच्या ओयुनोहारा या सखल जागी होते. १८८९च्या महापुरात त्यातले बरेचसे वाहून गेले. उरलेल्या इमारती १८९१मध्ये वर टेकडीवर हलवल्या. जुन्या जागी आता झाडी, मोकळे मैदान आणि २००० साली उभारलेली भव्य कमान आहे. टेकडी उतरून थोडे चालले की ती जागा लागते. तिसऱ्या दिवसाच्या आखणीत तेवढा वेळ धरून ठेवावा.