तळटीप १७ : ले काय, एप्रिल २००८

१७. ले काय : हैतीच्या दक्षिण किनाऱ्यावरचे बंदर. अन्नधान्याच्या महागाईविरुद्धचा उद्रेक एप्रिल २००८ च्या पहिल्या आठवड्यात इथून सुरू झाला आणि काही दिवसांतच राजधानी पोर्तोप्रँसमध्ये पसरला. निदर्शकांनी संयुक्त राष्ट्रांच्या तळावर हल्ला केला, पेटत्या टायरांनी रस्ते अडवले. लेखिका व तिचे मदतसंस्थेतील सहकारी दारे लावून बसले, ते याच दिवसांत. हा राग परक्यांच्या द्वेषातून आला असे समजणे अन्यायाचे होईल. मुळाशी भात होता. १९९५ मध्ये हैतीने तांदळावरचे आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणले. सरकारी अनुदानावर पिकलेल्या स्वस्त अमेरिकन तांदळापुढे (मजकुरातील ‘मायामी तांदूळ’ तो हाच) आर्तिबोनीत खोऱ्यातला शेतकरी टिकला नाही. देश आयातीवर जगू लागला आणि २००७-०८ मध्ये जगभर भाव भडकले. त्याच सुमारास भारतानेही बिगर-बासमती तांदळाची निर्यात बंद केली होती, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे. पुढच्या पानावरील ‘मातीच्या वड्या’ शब्दशः घ्याव्यात : गाळलेली माती, मीठ आणि थोडे वनस्पती तूप कालवून चकत्या थापत, उन्हात वाळवत आणि बाजारात विकत. ‘पंतप्रधान गेले’ म्हणजे जाक-एदुआर अलेक्सी. १२ एप्रिलला सिनेटने त्यांना पदावरून दूर केले. अध्यक्ष रने प्रेवाल यांनी तांदळाचा भाव उतरवल्याची घोषणा केली तीही त्याच दिवशी.